शाळेची परसबाग आणि कष्टकऱ्यांचीं मुलें

(पनवेल तालुक्यांतील शेतकरी व कारागीर पालकांच्या सभेंत एका गांवशाळेच्या मास्तरांनीं केलेलें भाषण)



मृग तोंडावर आला आहे. कुणाचे राब भाजून झाले असतील, कुणाची बांधबंदिस्ती अर्धी राहिली असेल. अशा घाईच्या दिवसांत आपण शाळेसाठीं सांजवेळ काढलीत, याचा आम्हां मास्तर मंडळींस फार संतोष वाटतो. पंधरवड्यांत शाळा उघडेल. त्याच्या आंत एक गोष्ट आपणांशीं बोलून पक्की करावयाची आहे, म्हणून ही सभा.

विषय दिसावयास लहान आहे. शाळेच्या मागें अर्धा गुंठा जागा पडीक आहे. तिच्यांत मुलांच्या हातून भाजीपाला, वाल आणि मूठभर भात लावावयाचें, आणि पिकेल तें मुलांच्याच दुपारच्या पानांत वाढावयाचें. एवढेंच. परंतु या अर्ध्या गुंठ्याच्या पोटांत जवळजवळ दीडशें वर्षांचा एक झगडा दडलेला आहे. तो समजून न घेतां आपण कुदळ मारली तर बाग दोन महिन्यांत सुकेल, आणि तो समजून घेतला तर ती आपल्या मुलांच्या जन्माला पुरेल.

परसबागेचें नांव काढलें कीं पहिली हरकत सरकार घेत नाहीं, वरचे साहेबही घेत नाहींत. ती आमचे पालकच घेतात. ते म्हणतात, "मास्तर, आम्ही जन्मभर चिखल तुडविला. पोरगें चिखलांतून बाहेर निघावें म्हणून शाळेंत घातलें. तुम्ही त्याच्या हातीं पुन्हां कुदळच देतां होय?"

बंधूंनो, ही हरकत हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं. तिच्या मागें पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव आहे. या देशांत लेखणी थोड्यांच्या हातीं राहिली आणि कुदळ बाकीच्यांच्या. लेखणीवाल्यानें कुदळीला हलकें म्हटलें, आणि म्हणतां म्हणतां कुदळवाल्यालाही तें खरें वाटूं लागलें. खोतानें वहींत काय मांडलें तें कुळाला वाचतां येत नव्हतें. जमिनीचा कस, पाण्याची ओल, बियाण्याची पारख हें सारें कुळाच्या डोक्यांत होतें, पण त्याला कोणी विद्या म्हणत नव्हतें.

आपल्याच जिल्ह्याची गोष्ट घ्या. त्याचें नांव कुलाबा होतें त्या काळांत, १९३३ पासून १९३९ पर्यंत, चरी आणि आसपासच्या गांवच्या शेतकऱ्यांनीं नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखालीं खोतांविरुद्ध संप केला. जमिनी पडीक ठेवल्या, हाल सोसले, पण मागें हटले नाहींत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या पाठीशीं उभे राहिले. त्या माणसांना शेतीची लाज वाटत नव्हती. त्यांना चीड होती ती गुलामगिरीची. या दोन गोष्टी आपण एकांत एक कालवतों आणि म्हणतों कीं शेतीच वाईट. शेती वाईट नव्हे. दुसऱ्याच्या हुकुमानें, हिशेब न कळतां, कारण न समजतां केलेली शेती माणसाला खालीं ओढते. मग उपाय काय? मुलाला मातीपासून तोडणें हा, कीं मातीच्या कामांत हिशेब आणि कारण आणणें हा?

याचें उत्तर जोतीराव फुल्यांनीं देऊन ठेवलें आहे. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें त्यांनीं आपलें निवेदन मांडलें. सरकारचा वसूल बहुतेक रयतेच्या घामांतून निघतो आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांस होतो, हें त्यांनीं तेथें स्पष्ट सांगितलें. मग गांवच्या शाळेंत काय शिकवावें तेंही सांगितलें. मोडी व बाळबोध लिहिणें-वाचणें, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण, आणि त्यांच्याच पंक्तीला शेतीचें प्राथमिक ज्ञान, नीति आणि आरोग्य. शाळेला जोडून एक लहानसें नमुन्याचें शेत असावें, तेथें मुलांना प्रत्यक्ष शिकवावें, अशी सूचना त्यांनीं केली. आणि मास्तर कसा असावा? तर वेळ पडल्यास नांगराची मूठ किंवा सुताराची वांकस हातीं धरावयास ज्याला लाज वाटत नाहीं, आणि जो खालच्या म्हटलेल्या लोकांत मोकळेपणानें मिसळूं शकतो, असा. पुढच्याच वर्षीं लिहून झालेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या पुस्तकांतही शेतकऱ्याचें अज्ञान आणि त्याच्या अज्ञानावर पोसणारे लोक, हाच विषय आहे.

येथें एक बारीक गोष्ट ध्यानांत घ्या. जोतीरावांनीं शेतीचें शिक्षण हिशेबाच्या आणि इतिहासाच्या जागीं मागितलें नाहीं, त्यांच्या बरोबरीनें मागितलें. हा फरक किती मोठा आहे, तें मद्रास राज्यांत पुढें दिसलें. तेथें १९५३ सालीं मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनीं एक योजना आणली. खेड्यांतल्या प्राथमिक शाळेचे तास कमी करावयाचे, आणि उरलेल्या वेळांत मुलानें आपल्या बापाच्या धंद्याचें काम शिकावयाचें. म्हणजे कुंभाराच्या पोरानें मडकीं, परटाच्या पोरानें धुणीं, आणि शेतमजुराच्या पोरानें मजुरी. भटाच्या पोरानें काय करावयाचें, तें सांगावयास नकोच! पेरियार रामस्वामी आणि तिकडचे ब्राह्मणेतर पुढारी यांनीं त्या योजनेविरुद्ध रान उठविलें. १९५४ सालीं राजगोपालाचारी पायउतार झाले, आणि कामराज मुख्यमंत्री होतांच त्यांनीं ती योजना रद्द केली. तें योग्यच झालें. ज्या शिक्षणानें मुलाला बापाच्या जातीच्या खुंट्याला बांधून ठेवावयाचें, तें शिक्षण नव्हे, दावें आहे.

तेव्हां पालकांनीं आम्हांला विचारावें, "मास्तर, तुमची बाग जोतीरावांच्या जातीची, कीं मद्रासच्या जातीची?" हा प्रश्न तुम्ही विचारलाच पाहिजे. आणि पारख करण्यासाठीं आम्हीं चार कसोट्या ठरविल्या आहेत. त्या तुम्ही ऐका, आणि वर्षभर आम्हांला त्यांवर घांसून पाहा.

पहिली कसोटी. बाग ही वर्गाच्या ऐवजीं नाहीं. आठवड्यांतून दोन तास बागेचे, आणि त्यांतही पाटी-पेन्सिल बरोबर. वाचन, गणित, इंग्रजी यांचा एकही तास तिच्यासाठीं खर्ची पडणार नाहीं. ज्या दिवशीं तुमचें मूल घरीं येऊन सांगेल कीं आज गणित झालें नाहीं, नुसती खुरपणी झाली, त्या दिवशीं शाळेंत येऊन आम्हांला जाब विचारा.

दुसरी कसोटी. सर्व कामें सर्व मुलांच्या हातीं. शेण कालविणें एकाला आणि फुलें तोडणें दुसऱ्याला, असें होणार नाहीं. झाडू, घमेलें, कुदळ, झारी यांच्या पाळ्या फळ्यावर लिहिल्या जातील. मुलींनीं भाजी निवडावी आणि मुलग्यांनीं नुसतें मिरवावें, हेंही चालणार नाहीं. मुलगे वाढतील, मुलगे ताटें घांसतील. जपानांत शाळेंतलीं मुलें दुपारचें जेवण वर्गांत स्वतः वाढतात आणि स्वतः आवरतात. त्या देशानें २००५ सालीं अन्नाच्या शिक्षणाचा कायदाच केला. आमच्या पोरांना तें जड जावें असें कांहीं नाहीं. आणि पाळींत मास्तरांचें नांवही राहील. मास्तर सावलींत खुर्ची टाकून बसला आणि पोरें उन्हांत राबलीं, तर ती बाग नव्हे, खोताचें शेत झालें.

तिसरी कसोटी. पीक मुलांचें. मास्तराच्या घरीं कोथिंबिरीची एक जुडीसुद्धां जाणार नाहीं. रोज काय निघालें, किती वजन भरलें, तें एका वहींत मुलेंच लिहितील, आणि ती वही व्हरांड्यांत टांगलेली राहील. ज्याला वाचतां येतें त्यानें ती वाचावी, ज्याला येत नाहीं त्यानें आपल्या पोराकडून वाचून घ्यावी. खोताची वही कुळाला दिसत नसे. ही वही सर्वांना दिसली पाहिजे.

चौथी कसोटी, आणि ती सर्वांत महत्त्वाची. प्रत्येक कामाला 'कां?' हा शब्द जोडला पाहिजे. काम तर बैलही करतो. मूल काम करतांना विचारतें, आणि विचारण्यानें शिकतें.

आतां या 'कां?'चे कांहीं दाखले देतों, म्हणजे बागेंत विद्या कोठें असते तें कळेल.

भाताचें बियाणें घ्या. दहा लिटर पाण्यांत तीनशें ग्रॅम मीठ विरघळवावें आणि त्यांत बियाणें ओतावें. पोंचट दाणा वर तरंगतो, भरलेला तळाला बसतो. तरंगणारें काढून टाकावें, उरलेलें गोड्या पाण्यानें दोनदां धुवून सावलींत सुकवावें. यांत मुलाला शेंकडा तीन म्हणजे काय तें कळलें, जड-हलकें म्हणजे काय तें कळलें, आणि रोप दुबळें कां निघतें तेंही कळलें. मग शंभर दाणे ओल्या गोणपाटांत गुंडाळून ठेवावे आणि चार-सहा दिवसांनीं मोड आलेले मोजावे. पंचाऐंशीं उगवले तर उगवण शेंकडा पंचाऐंशीं. पुस्तकांतला शेंकडेवारीचा धडा जो महिनाभर डोक्यांत शिरत नाहीं, तो या गोणपाटानें आठवड्यांत शिरतो.

लावणी घ्या. दोन ओळींत वीस सेंटिमीटर आणि दोन चुडांत पंधरा सेंटिमीटर अंतर ठेवलें, तर एका चौरस मीटरांत चूड किती बसतील? सुमारें तेहतीस. दाटीवाटीनें लावलेला एक वाफा आणि मोजून लावलेला एक वाफा शेजारीं शेजारीं ठेवावा, आणि दिवाळीच्या सुमारास दोन्हींचा दाणा वेगवेगळा जोखावा. आपल्या कोंकणांत चारसूत्री भातलागवड सांगितली जाते. भाताच्या तुसाची राख व पेंढा जमिनीलाच परत द्यावयाचा, गिरिपुष्पाचा पाला चिखलांत गाडावयाचा, नेमक्या अंतरावर थोडीं रोपें लावावयाचीं, आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या चुडांच्या मध्यें चिखलांत खोंचावयाच्या. हें खरें कीं खोटें, तें कागदावर वाचून मान डोलविण्यापेक्षां मुलानें दोन वाफ्यांत पाहावें. कोणाच्याही सांगण्यावर आंधळा विश्वास ठेवावयाचा नाहीं, पडताळून पाहावयाचें, हीच सत्यशोधकाची शिकवण आहे. ती भाताच्या वाफ्यांतही शिकतां येते.

राब घ्या. आपले वाडवडील पाला, शेण, गवत पसरून जमीन भाजीत आले. कां? तण मरतें, आणि राखेंतून रोपाला खुराक मिळतो. पण त्याच्यासाठीं झाडें छाटलीं जातात, आणि शेणखत जमिनींत जावयाचें तें जळून जातें. तेव्हां एक वाफा भाजलेला आणि एक शेणखताचा गादीवाफा, असे दोन करून रोपें तोलून पाहावीं. वाडवडिलांचें ज्ञान फेंकूनही द्यावयाचें नाहीं, पूजूनही ठेवावयाचें नाहीं. त्याचा शोध घ्यावयाचा.

वाल घ्या. भात कापल्यावर जमिनींतल्या नुसत्या ओलीवर आपला वाल येतो, वर पाऊस नको कीं पाट नको. थंडींत त्याच शेंगांची भांबुर्ड्याच्या पाल्यांत पोपटी लावतांना आपण सारे ताव मारतों. पण वालाचें एक रोप फुलावर असतांना हलकेंच मातीसकट उपटून मुळें धुवून पाहा. त्यांवर बारीक गांठी दिसतात. गांठ नखानें फोडली तर आंत तांबूस रंग दिसतो. त्या गांठींत राहणारे सूक्ष्म जंतु हवेंतला नत्र धरून झाडाला देतात. म्हणून वालाच्या मागून घेतलेलें पीक जोर धरतें. आपल्या आज्यानें भातामागें वाल घेतला तो उगीच नव्हे. त्याला कारणाचें नांव ठाऊक नव्हतें, पण गुण ठाऊक होता. नातवाला गुणही कळावा आणि नांवही.

खुद्द जमीन घ्या. एक गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद, म्हणजे एक हजार एकूणनव्वद चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. हें ज्या मुलानें दोरी धरून, खुंट्या ठोकून मोजलें, त्याला उद्यां सात-बाऱ्याच्या उताऱ्यावर कोणी फसवूं शकणार नाहीं.

आणि आपल्या पनवेल तालुक्यांत हें शिक्षण किती गरजेचें आहे, तें आम्हीं सांगावयास नको. १९७० सालीं सिडको स्थापन झाली आणि नव्या मुंबईसाठीं पनवेल, उरण आणि ठाण्याकडच्या पंचाण्णव गांवांच्या जमिनींवर बोट ठेवलें गेलें. जानेवारी १९८४ मध्यें जासई परिसरांत योग्य मोबदल्यासाठीं लढतांना पांच शेतकऱ्यांनीं प्राण दिले. दि. बा. पाटलांनीं तो लढा लढविला, आणि पुढें विकसित जमिनींत साडेबारा टक्क्यांचा वांटा मिळाला. २०१३ सालीं 'नैना'ची अधिसूचना निघाली, आणि पूर्वेकडच्या गांवांच्या शेतांवरही नकाशाच्या रेघा आल्या. ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं विमानतळाचें उद्घाटन झालें. जेथें आवण काढीत होतों, तेथें विमान उतरतें. आम्ही विकासाला शिव्या देण्यासाठीं येथें उभे नाहीं. पण एका वर्गांत आम्हीं विचारलें, "तांदूळ कोठून येतो?" तर शेतकऱ्याच्या नातवांनीं उत्तर दिलें, "रेशनच्या दुकानांतून," "मॉलमधून." हें ऐकून त्या मुलांवर रागावण्यांत अर्थ नाहीं. त्यांना शेत दाखविलेंच कोणीं?

कोणी म्हणेल, जमीनच गेली तर शेती शिकून काय उपयोग? आम्ही म्हणतों, ज्याची जमीन गेली त्याला तर हें अधिक हवें. जमीन गेली तिचा पैसा आला, पैसा गेला, आतां हातीं उरलें तें ज्ञान. आणि ज्याची जमीन अजून आहे, त्याच्या मुलाला त्या मातीचा गुण ठाऊक नसेल, तर तो तिची किंमत दलालाच्या तोंडून ऐकेल. खाडीकांठच्या गांवांनीं समुद्राचें पाणी बांध घालून अडविलें, उघाडी बसवून आंतलें पाणी सोडलें, आणि खारी जमीन पिकाखालीं आणली. हें काम एकट्या-दुकट्याचें नव्हे, सगळ्या गांवाच्या एकजुटीचें. याच पनवेलच्या खारभूमि संशोधन केंद्रानें खाऱ्या जमिनींत तग धरणाऱ्या भाताच्या 'पनवेल' नांवाच्या जाती काढल्या. आपल्या गांवाचें नांव भाताच्या दाण्याला आहे, हें तालुक्यांतल्या किती मुलांना ठाऊक आहे? कर्जतच्या भात संशोधन केंद्राच्या जातीही अशाच. शाळेच्या बागेंत या जातींचा एकेक वाफा असावा, शेजारीं घरचा लाल राता असावा, आणि मुलांनीं सहलीला जाऊन तीं केंद्रें पाहावीं.

आतां पोटाचें बोलूं. शाळेंत दुपारचें जेवण मिळतें. १९९५ सालीं ही योजना देशांत सुरू झाली, २००१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें शिजवलेलें अन्नच द्यावें असा हुकूम केला, आणि २०२१ पासून तिला पीएम पोषण म्हणतात. पांचवीपर्यंतच्या मुलामागें दिवसाला शंभर ग्रॅम धान्य, वीस ग्रॅम डाळ आणि पन्नास ग्रॅम भाजी धरलेली आहे. साठ मुलांच्या शाळेला दिवसाला तीन किलो भाजी लागते. अर्ध्या गुंठ्यांतून ती वर्षभर निघेल असें सांगणें म्हणजे थाप मारणें होय, आणि आम्ही थाप मारणार नाहीं. पण श्रावण-भाद्रपदांत माठ, भेंडी, पडवळ, शिराळें आणि थंडींत मुळा, मेथी, वालाच्या शेंगा, एवढी भर नक्की पडेल. बाहेरून आलेल्या बटाट्याच्या रश्श्यांत मुलांच्या हातची मूठभर हिरवी भाजी पडेल. जें मूल घरीं माठ पाहून ताट सरकवितें, तेंच मूल आपण लावलेला माठ मागून घेतें. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय पाहणींत देशांतल्या पंधरा ते एकूणपन्नास वर्षांच्या शंभर स्त्रियांतल्या सत्तावन्न स्त्रियांत रक्त कमी आढळलें. नुसत्या पालेभाजीनें तें सारें भरून निघेल असें नाहीं, गोळ्या आणि औषधपाणी लागतेंच. पण पालेभाजीवर लिंबू पिळलें तर तिच्यांतलें लोह अंगीं अधिक लागतें, हें ज्या मुलीला शाळेंत कळलें, तिच्या घरच्या ताटांत पुढें फरक पडतो.

याहून एक मोठी गोष्ट पंगतीची आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं काले येथें रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह काढलें, आणि सर्व जातींचीं मुलें एका पंगतीला बसवून त्यांच्याकडून श्रमाचें काम घेतलें. १९३५ सालीं त्यांनीं तेथें खेड्यांतल्या शाळांसाठीं मास्तर घडविणारें विद्यालयही उघडलें. त्यांचीं मुलें कुदळ मारून शिकलीं म्हणून मजूर राहिलीं नाहींत. कोणी न्यायाधीश झालीं, कोणी प्राध्यापक. कुदळीनें त्यांचें शिक्षण अडविलें नाहीं, कारण कुदळीबरोबर पुस्तक होतें आणि पंगत एक होती. आपल्या बागेची भाजी कोणत्याही जातीच्या बाईनें शिजविली तरी सर्वांनीं खावयाची. ज्याला हें पटत नाहीं त्यानें आतांच सांगावें. मागाहून कुजबूज नको.

आतां शिकविणार कोण? आम्हां मास्तरांना अध्यापक विद्यालयांत पाठाचें टांचण काढावयास शिकविलें, खुरपें धरावयास नाहीं. म्हणून या बागेचे गुरु तुम्ही आहां. लोहारदादांनीं येऊन विळ्याला पाणी कसें देतात तें दाखवावें. सुतारांनीं वाफ्याच्या चौकटी करून दाखवाव्या. जुन्या सरकारी गॅझेटियरांत पनवेलच्या गाडीच्या चाकांची वाखाणणी आहे, तें कसब आतां कोणाच्या हातांत उरलें असेल तर त्याचें वर्तुळ, परीघ आणि आरे हाच आमचा भूमितीचा धडा. बुरूड भावांनीं टोपली विणावी, कुंभार भावांनीं माती कशी ओळखावी तें सांगावें.

आणि आमच्या ठाकूर-कातकरी बायाबहिणींना आम्ही खास बोलावणार आहों. पावसाळ्याच्या तोंडीं पनवेलच्या बाजारांत शेवळें, कुर्डू, टाकळा, भारंगी, कंटोळीं घेऊन त्याच बसतात. शेवळें तसेंच शिजविलें तर घसा खाजवितें. त्याच्यांत सुईसारखे बारीक खडे असतात, म्हणून बरोबर काकडाचीं आंबट फळें घालतात. ही विद्या कोणत्या कॉलेजांतली? रानांत कोणतें पान खावें, कोणतें टाळावें, कोठें कंद ठेवून वरचें तेवढें खुडावें म्हणजे पुढच्या वर्षीं पुन्हां येईल, हें त्यांना मुखोद्गत आहे. त्या बाईला आम्ही वर्गांत खुर्चीवर बसवूं, आणि सारा वर्ग तिला 'बाई' म्हणून उठून नमस्कार करील. मागच्या बाकावर तिचीच मुलगी बसलेली असेल. आपल्या आईला विद्या येते हें त्या पोरीला शाळेंत कळलें, तर ती शाळा सोडण्याआधीं दहादां विचार करील. दिवाळीनंतर तिचे आईबाप भट्टीवर गेले आणि तीही गेली, तर तिचा वाफा शेजारच्या मुलीनें सांभाळावयाचा, आणि ती परत आल्यावर तो तिचाच. वाफ्याबरोबर बाकावरची जागाही तिचीच राहील.

असे प्रयत्न कोठें चालले आहेत कीं हें आमचेंच खूळ, असें कोणी विचारील. आपल्याच तालुक्यांत तारा येथें युसुफ मेहेरअली सेंटर खेड्यांतलें काम आणि शिक्षण एकत्र करीत आलें आहे. पुणें जिल्ह्यांत पाबळ येथें डॉ. श्रीनाथ कलबागांनीं १९८३ सालीं विज्ञान आश्रम काढला. तेथें मुलें हातानें काम करीत विज्ञान शिकतात, आणि शेती व पशुपालन हा त्यांतला एक भाग आहे. महात्मा गांधींनीं १९३७ सालीं वर्ध्याच्या परिषदेंत हाच विषय देशापुढें मांडला, पण जोतीरावांनंतर पंचावन्न वर्षांनीं, हें विसरूं नका. २०१९ सालीं केंद्र सरकारनेंही शाळांनीं परसबागा कराव्या अशा सूचना काढल्या. म्हणजे कागद आहे. कागदावर भेंडी उगवत नाहीं, इतकेंच.

शेवटीं कामाचें. जूनमध्यें शाळा उघडतांच गादीवाफे उंच काढूं, कारण आपल्या पावसांत सपाट वाफ्यांतलें बीं कुजतें. कुंपणाला निरगुडी आणि गिरिपुष्पाच्या फांद्या लावूं, म्हणजे शेळी आंत येणार नाहीं आणि पाल्याचें खतही होईल. शेवगा, कढीपत्ता, लिंबू, पपई हीं कायमचीं झाडें कडेला लावूं. फवारणीचें औषध मुलांच्या हातीं कदापि येणार नाहीं. पावसांत गवतांत पहिलें पाऊल मोठ्या माणसाचें पडेल, मग मुलांचें. काम झाल्यावर साबणानें हात धुतल्याशिवाय पानावर कोणी बसणार नाहीं. पाऊस मोजण्यासाठीं सरळ अंगाची बाटली कापून अंगणांत ठेवूं, आणि रोजचा आंकडा फळ्यावर लिहूं.

तुमच्याकडून आम्ही पैसा मागत नाहीं. प्रत्येक घरानें घरच्या बियाण्याची एक मूठ द्यावी. वाल असो, शिराळें असो, मिरची असो, पुडीवर घराचें नांव असावें. गोठा आहे त्यानें दोन पाट्या शेणखत द्यावें. जुनी कुदळ, खुरपें, इरलें पडलें असेल तें द्यावें. उन्हाळ्याच्या सुट्टींत झाडांना पाणी घालावयास दर आठवड्याला दोन घरांची पाळी लागेल. तिची यादी आज उठण्यापूर्वीं करूं, कारण बाग मरते ती मे महिन्यांत, आणि मरते ती एकमेकांकडे बोट दाखविण्यांत. आणि महिन्यांतून एकदां येऊन ती व्हरांड्यांतली वही पाहावी.

बंधुभगिनींनो, तुमच्या मुलानें डॉक्टर व्हावें, वकील व्हावें, विमानही चालवावें. आम्ही त्याला तेथपर्यंत पोंचविण्यासाठींच पगार घेतों. पण तें जेथें कोठें जाईल तेथें त्याच्या पानांतला घास कोणाच्या घामाचा आहे, हें त्याला ठाऊक असावें, आणि तो घाम गाळणारी आपली आई होती, हें सांगतांना त्याची मान खालीं जाऊं नये. एवढ्यासाठीं हा अर्धा गुंठा. आतां यादी करावयास घेऊं. पहिलें नांव कोणाचें लिहूं?